चौदा इंचांना एक वळसा

घणसोलीच्या मढवीमामांनी रायफल आणली त्या रविवारी
डोंबिवलीहून आलेल्या माझ्या दोन बॅगा
अजून बाहेरच्या खोलीतच होत्या.
आई शेजारी सांगत होती, पंधरा दिवसांसाठी आलीये.
मामांनी आधी परवाना काढला, प्लास्टिकच्या पिशवीतला,
मग बोल्ट उघडून नळी रिकामी दाखवली,
मग कागद उलगडला.

कागदावरची भोकं गोल नव्हती.
एक तर चक्क गोळीची आडवी सावली :
टोक, पोट, बूड,
कुशीवर झोपलेल्या माणसासारखी.
"नली गेली कामातनं," मामा म्हणाले.
"कवातरी डुकरांसाठी घेतलेली. आता भातही नाय, डुकरंही नाय,
रेंजवर चार पोरांत मान तेवढी खाली जाते."

बाबांनी आयुष्यात बंदूक चालवलेली नाही.
वागळे इस्टेट, रोड नंबर सोळा, टूलरूम, एकतीस वर्षं :
त्यांना फक्त आटे कळतात.
नळी ट्यूबलाइटकडे धरून, एक डोळा मिटून
ते बराच वेळ आत बघत राहिले,
विहिरीत पडलेली कळशी शोधावी तसे.
"शाबूत आहे सगळं. पीळ मोजू."

माझ्यापुढे हात केला : "नेलपॉलिश दे."

साफ करायच्या सळईवर लाल ठिपका.
टोकाला घट्ट चिंधी, आईच्या जुन्या परकराची.
आत ढकलली की सळई आपोआप फिरते,
मूठ सैल ठेवायची, बस्स.
ठिपका वर, ठिपका माझ्याकडे, ठिपका खाली,
भिंतीकडे,
पुन्हा वर.
मी स्टीलपट्टीवर वाचलं : चौदा इंच.
पुन्हा करायला लावलं. चौदा.
तिसऱ्यांदा पावणेचौदा आले, तेव्हा माझ्यावर खेकसले.

मग मामांनी डबा उघडला.
नव्या गोळ्या, सत्त्याहत्तर ग्रेनच्या,
सोनाराच्या काट्यावर एकेक तोललेल्या,
रात्री जागून हातानं एकेक काडतुसात बसवलेल्या,
केसाचा फरक नाही.
"वजन काय चाटायचंय?" बाबा व्हर्नियरचे जबडे मिटवत म्हणाले.
"लांबी बघा. लांब गोळीला फिरकी जास्त लागते.
भोवऱ्याला जाळी कमी गुंडाळली
की कसा डुलतो आणि लवंडतो, तसं हे."
"मंग नली बदलू?"
"नळीचा दोष नाही."
"गोल्या फेकू?"
"गोळीचाही नाही. दुसऱ्या एखाद्या नळीतून सरळ जातील.
हिला आखूड द्या. पंचावन्नची."

हे ते मामांशी बोलत होते.
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही,
व्हर्नियर पुसून मखमलीच्या खाचेत बसवत होते.
मी पट्टी घेऊन तशीच उभी,
आणि पोटात कधीचा पडलेला पीळ
अर्ध्या वळशानं सुटला.

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, सुंभ जळला तरी...
आणि पुढचं म्हणाली नाही.
ते बाबांना होतं, की मामांना, की मला,
हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.

बुधवारी रेंजवरून मामांचा फोन.
पाच भोकं, सगळी गोल,
चार रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी,
पाचवं लांब. "ते माजं, गोलीचं नाय."
बाबा नुसतं "हं" म्हणाले,
पण तो "हं" जेवण होईपर्यंत चेहऱ्यावर होता.
सत्त्याहत्तरच्या उरलेल्या गोळ्या मामांनी फेकल्या नाहीत.
जपून ठेवल्यात म्हणे,
ओळखीत कोणाची आठ-नऊ इंचांची नळी निघाली तर.

बॅगा मी स्वतःच आत नेल्या.
रात्री नखं रंगवायला बसले.
बाटलीच्या तोंडाला बंदुकीच्या तेलाचा वास येत होता.
सात नखांपुरतंच उरलं होतं.